वाचनालयाच्या दाखल वहीत ई-रीडर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, की प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना वाचनालयाने ई-रीडरवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रांवर, पैसे कशाला घालायचे? तेव्हा देवघेवीची वेळ होती, काउंटरवर माणसं उभी होती, म्हणून धड बोलता आलं नाही. आता निवांत लिहितो. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमणारं नाही.

कार्यकारी मंडळात ठराव मंजूर झाला. दहा ई-रीडर घ्यायचे, पुस्तकांसारखेच दाखल वहीत क्रमांक देऊन नोंदवायचे आणि सभासदांना घरी द्यायचे. पैसे देणग्यांतून उभे करायचे, अनुदानाच्या रकमेला हात लावायचा नाही. एका यंत्राला दहा हजारांच्या वर पडतात, त्यामुळे चर्चा बरीच झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

आपल्या वाचनालयाचे सगळ्यात निष्ठावंत सभासद कोण, तर साठी-सत्तरी ओलांडलेले. गळतीही तिथेच सुरू आहे. वर्गणीचा प्रश्न नसतो, वाचनाची हौसही तशीच असते, पण अक्षर दिसेनासं होतं. मोतीबिंदू काढून चष्मा लागला तर निभावतं. ज्यांच्या डोळ्यांचा पडदाच अधू झालाय, त्यांना कुठल्याच चष्म्याने भागत नाही. त्यात आपल्या कपाटांतल्या जुन्या कादंबऱ्यांचा टाइप बारीक, कागद पिवळा पडलेला, शाई फिकी.

आपल्याला आठवीत मराठी शिकवणाऱ्या बाई तुला आठवत असतील. त्यांनी येणं बंद केलं होतं. चाचणीसाठी एक यंत्र आणलं होतं, त्यावर हरिभाऊ आपट्यांची कादंबरी टाकली आणि बाईंना बोलावून घेतलं. अक्षर सगळ्यात मोठं केलं, तेव्हा एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावत होते. बाईंनी यंत्र आधी हातभर लांब धरलं, मग जवळ घेतलं, मग तिरकं करून खिडकीच्या उजेडात नेलं. पहिली ओळ मोठ्याने वाचली. पुढे नुसते ओठ हलत होते, थोड्या वेळाने तेही थांबले. पान उलटायला बोट कुठे लावायचं एवढं एकदा विचारलं, बाकी आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. निघताना म्हणाल्या, "हे घरी कधीपासून देणार?" ठराव मी त्यानंतर लिहायला घेतला.

मोबाइलवरही अक्षर मोठं होतं, हे तुझं म्हणणं खरं. पण मोबाइलचा पडदा लहान, त्याचा उजेड सरळ डोळ्यांत येतो, आणि वाचता वाचता दर दोन मिनिटांनी काहीतरी टिंग वाजतं. ई-रीडरच्या पडद्याचं, म्हणजे ई-इंकचं, तंत्र वेगळं. त्या पडद्यात काळे आणि पांढरे सूक्ष्म कण असतात, विजेच्या इशाऱ्यावर ते वर-खाली होतात आणि उमटलेलं पान तसंच राहतं. वीज खर्च होते ती मुख्यतः पान बदलताना, म्हणून एकदा चार्ज केलेलं यंत्र कित्येक दिवस चालतं. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचं काय होतं ते तुला सांगायला नको. भर दुपारी पडवीत बसून वाचलं तर अक्षर उलट जास्त ठसठशीत दिसतं.

अभ्यासिकेतल्या मुलांनीही मागणी केली. त्यांना मी आत्ताच नाही म्हटलं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तक्ते, नकाशे, रंगीत आकृत्या असतात आणि सहा इंची काळ्या-पांढऱ्या पडद्यावर त्यांचं काही खरं नाही. आधी डोळे अधू असलेले, मग घराबाहेर पडू न शकणारे, मग बाकीचे असा क्रम ठरला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातल्या, वाचकांपर्यंत जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या तू पाहिल्या असशील. घराबाहेर न पडणाऱ्यांच्या दारात यंत्र पोचवायचं ते त्याच धर्तीवर.

मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो पुस्तकांचा. छापील पुस्तक विकत घेतलं की ते वाचनालयाचं. शिवण उसवेपर्यंत शंभर जणांना द्या, कोणी विचारायला येत नाही. ई-पुस्तक "विकत घेतलं" असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा हातात येते ती फक्त वाचायची परवानगी. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून, म्हणजे ॲमेझॉनच्याच ई-रीडरवरून, परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, ग्राहकांना पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण माणसाच्या घरातलं पुस्तक दुकानदाराला परत नेता येतं, हे त्या दिवशी जगाला कळलं. अमेरिकेत २०११ पासून वाचनालयाची ई-पुस्तकं ओव्हरड्राइव्ह या वाचनालयांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या कंपनीमार्फत किंडलवर मिळायला लागली. त्याच वर्षी हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने नियम केला, की एक ई-पुस्तक वाचनालयाने २६ वेळा दिलं की संपलं, पुढे द्यायचं तर पुन्हा पैसे भरा. वाचनालयाने दरवर्षी आपलीच कपाटं नव्याने भाड्याने घ्यावीत, हे मला पटत नाही.

म्हणून एका खात्यावर पुस्तकं विकत घेऊन ती दहाही यंत्रांवर टाकायची सूचना आली, तेव्हा मी ठाम विरोध केला. ती विक्री वैयक्तिक वापरासाठी असते, आणि लेखक-प्रकाशकांच्या जिवावर चालणाऱ्या संस्थेने असली पळवाट काढू नये. यंत्रं कुठल्याही दुकानाच्या खात्याला न जोडता द्यायची आणि त्यांवर फक्त निर्वेध, म्हणजे हक्कांची मुदत संपलेली किंवा परवानगी असलेली, पुस्तकं ठेवायची, असं ठरलं.

निर्वेध पुस्तकं थोडी आहेत असं समजू नकोस. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. हरिभाऊ आणि गडकरी १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये, मर्ढेकर १९५६ मध्ये. हे सगळे खुले झाले. मात्र नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना आणि टिपा खुल्या नसतात, म्हणून मूळ जुनी प्रतच हाताशी घ्यायची. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहातली पुस्तकं ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात उतरवून घेता येतात. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तकं मोफत देतं. पण सभासद मागणार पु. ल., आणि त्यांचे हक्क २०६० अखेरपर्यंत आहेत. तिथे परवानगीशिवाय इलाज नाही. ती मागायची पत्रं मी लिहायला घेतली आहेत.

बाईंसारख्यांसाठी आणखी एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक तयार करून देण्याची मुभा आहे. दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश करारावर २०१४ मध्ये सगळ्यात आधी शिक्कामोर्तब करणारा देश आपलाच. २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, तिथे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना सभासद होता येतं. बाईंची कागदपत्रं आम्ही भरून देणार आहोत. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी बोलणारं यंत्र वेगळं घ्यायचं, हाही मुद्दा ठरावात घातला. अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने अंधांना वापरता न येणारे ई-रीडर वाटले होते. तक्रार झाली आणि २०१२ मध्ये तिथल्या न्याय खात्याशी समझोता करून त्यांना दुसरी यंत्रं घ्यावी लागली. आपण पहिल्यापासूनच नीट करू.

आता तुझ्या प्रांतातलं, म्हणजे डीटीपीतलं. पुस्तकांचे स्कॅन केलेले पीडीएफ ढिगाने मिळतात, पण छोट्या पडद्यावर अख्खं पान आणलं की अक्षरं मुंगीएवढी, आणि मोठी केली की प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. अक्षर मोठं केल्यावर ओळी आपोआप नव्याने लागायच्या, तर युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतातला, ईपबच हवा. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर निघतो, पण त्याला ळ आणि ल कळत नाहीत, अनुस्वार गळतात. दाखवायला आणलेल्या एका यंत्रावर तर 'दऱ्या'चा 'दर्या' झाला आणि 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन आला. ते यंत्र तिथल्या तिथे परत दिलं. आता विक्रेत्यासमोर आधी आपलं मराठी पान उघडून पाहतो आणि मगच किमतीचं बोलतो.

बाकी नियम साधे आहेत. अनामत पाचशे रुपये आणि एका जुन्या सभासदाची हमी. यंत्राच्या किमतीएवढी अनामत मागितली असती तर ज्यांना गरज आहे तेच दारातून परत गेले असते. मुदत तीन आठवडे. यंत्र, कव्हर आणि चार्जिंगची वायर एका पिशवीत, सोबत दमट हवेसाठी सिलिका जेलची पुडी. परत आल्यावर पडदा तिरप्या उजेडात धरून चरे पाहायचे आणि आधीच्या वाचकाच्या खुणा पुसायच्या. कोण काय वाचतं ते पुढच्या वाचकाला कळता कामा नये, यावर मी अडून बसलो. फुटलं-बिघडलं तर त्यासाठी वेगळा निधी ठेवलाय. घानामध्ये शाळकरी मुलांना ई-रीडर देणाऱ्या वर्ल्डरीडर या संस्थेला सुरुवातीला फुटक्या पडद्यांचाच सगळ्यात जास्त त्रास झाला होता, तेव्हा हा खर्च येणार हे धरूनच चालायचं.

तर काम असं. आपल्या गावच्या कवींचे दोन संग्रह तुझ्याकडे डीटीपीला आले होते. त्यांच्या मुलीने वाचनालयाला लेखी परवानगी दिली आहे, पत्र माझ्या फायलीत आहे. त्या श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या मूळ फायली तुझ्याकडच्या जुन्या सीडींवर असतील तर शोध आणि युनिकोडमध्ये करून पाठव. रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून मुद्रितशोधन इथे आम्ही दोघे-तिघे मिळून छापील प्रतीवरून करू. कवितेच्या ओळी मोठ्या अक्षरात कुठे तोडायच्या, ते मात्र तूच ठरव. सीडी चालत नसतील तर तसं कळव, आम्ही इथे टाइप करायला बसतो. आणि ज्या प्रकाशकांची कामं तू करतोस, त्यांच्यापैकी कोणाशी या विषयावर बोलता येईल तेही सांग. तू शब्द टाकलास तर माझं पत्र निदान उघडलं जाईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
कार्यवाह झालेला बाकावरचा सोबती