प्लॉट माझा, हरकत आत्याबाईंची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली ‘घरखरेदीदारांना मालकीहक्काचे विमाकवच’ ही बातमी वाचली. छान वाटले. फक्त हे कवच काही नवे नाही. 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 16 मध्येच ते आहे: जमिनीच्या टायटलचा, म्हणजे मालकीहक्काचा, विमा विकासकाने काढायचा, हप्ताही त्यानेच भरायचा. मेख एवढीच की राज्य सरकार ज्या विम्याची अधिसूचना काढील तोच बंधनकारक. त्या अधिसूचनेबद्दल आपल्या वार्ताहराने चकार शब्द काढलेला नाही.

शिवाय हे सगळे प्रकल्पातल्या फ्लॅटवाल्यांसाठी. टायटलमध्ये खोट निघाली तर विकासकाकडून भरपाई मागायला त्यांना कलम 18 तरी आहे, त्या दाव्याला मुदतीचीही आडकाठी नाही. मी खासगी मालकाकडून बिगरशेती प्लॉट घेतला. खरेदीखत झाले, फेरफार (महसूल दप्तरी मालकीबदलाची नोंद) धरला, हरकती मागवणारी नमुना 9 ची नोटीस निघाली आणि विकणाऱ्याच्या आत्याबाईंची हरकत दाखल. नोंद गेली वादग्रस्त नोंदींच्या तक्रारी रजिस्टरला, ती तिथेच आहे. वडिलांमागे सातबाऱ्याला लागलेले आपले नाव कमी कसे झाले, असा त्यांचा सवाल. जुना फेरफार काढून पाहिला, तर एका ओळीत काम उरकलेले: बहिणीने हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब नाव कमी केले. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नाही. जबाबाखाली अंगठा. आत्याबाई शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. तो अंगठा कुणाचा, देव जाणे.

आता जबाबदार कोण? वकिलांच्या सर्च रिपोर्टात (जुने दस्त तपासून दिलेल्या अहवालात) ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ असे ठळक लिहिले आहे. शेवटच्या पानावर तळाशी: इंडेक्स दोनची (नोंदलेल्या दस्तांच्या सूचीची) काही पाने फाटलेली, काही पुस्तके बांधणीला गेलेली, सबब अहवाल उपलब्ध दप्तरापुरता. आणि जो दस्त कधी नोंदवलाच नाही, तो इंडेक्स दोनला दिसणार कसा? दुय्यम निबंधक म्हणतात, दस्त नोंदवणे आमचे काम, मालकी तपासणे नव्हे. बरोबरच आहे त्यांचे. सर्वोच्च न्यायालयानेही 2025 मध्ये तमिळनाडूचा एक नियम रद्द करताना हेच सांगितले. महसूलवाले म्हणतात, फेरफार म्हणजे मालकी नव्हे, दिवाणी कोर्टात जा. फी, शुल्क, मेहनताना घेताना मात्र यांपैकी एकानेही हात आखडता घेतला नाही.

एजंटाचे तर विचारूच नका. महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) एजंटांना प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र सक्तीचे केले, अभिनंदन. पण ती नोंदणी लागते रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री करायला. माझ्या एजंटाला यातले काही लागले नाही. कमिशन त्याने दोन्हीकडून घेतले, आणि आत्याबाई उपटल्यावर ‘साहेब, घरगुती मॅटर आहे’ म्हणून हात झटकले.

विम्याची चौकशीही करून झाली. वाद सुरू आहे म्हटल्यावर समोरच्या गृहस्थाने फाइल मिटवूनच परत केली. माहीत असलेल्या दोषाला विमा नाही. मान्य. पण माहीत नसलेला दोष बाहेर कसा पडतो, हे आपल्या बातमीतल्या तज्ज्ञांनी एकदा माझ्या फाइलवर बसून दाखवावे.

जाता जाता आणखी एक. खरेदीपूर्वी वकिलांनी हरकती मागवणारी जाहीर नोटीस दिली होती, ती आपल्याच दैनिकात. ‘नावात बदल’ आणि ‘हरवले आहे’ यांच्या बेचक्यात, इतक्या बारीक टाइपात की पैसे भरलेल्या मलाच ती भिंगाशिवाय सापडेना. त्यात गट नंबर चुकीचा छापलेला. शुद्धिपत्रक मागितले तर आपल्या जाहिरात विभागाने पुन्हा पूर्ण दराचे बिल पुढे केले.

आत्याबाई आपल्या जुन्या वाचक आहेत. नोटीस दिसलीच नाही म्हणतात, आणि या एका मुद्द्यावर मला त्यांच्याशी भांडता येत नाही.

आपला,
एक प्लॉटधारक (सातबाऱ्यावर अद्याप नाही)