खांद्यावरचा टॉवेल

अण्णा,

सगळे अण्णा म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हटलं. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्या रात्री परतीच्या पावसात होटगी रोडवर गुडघाभर पाणी होतं. बाबांना दवाखान्यातून घरी आणत होते. पाण्यातच गाडी दोन आचके देऊन बंद पडली. एका गॅरेजवाल्याला फोन केला, तर म्हणाला, सेल्फ मारत राहा, होईल चालू. दुसरा सकाळी घरी आला. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. इंजिन गेलं, उतरवावं लागेल, पन्नास हजार धरून चाला, एवढं सांगून निघून गेला. बाबांच्या औषधांचा खर्च चालू असताना तो आकडा ऐकून मी जिन्यात बसून रडले. त्या माणसाचा राग अजून जात नाही.

तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, "ताई, बंद पडल्यावर सेल्फ किती वेळा मारला?" एकदाच, म्हटलं. "वाचलात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारत राहिला असतात तर आतला रॉड वाकू शकला असता." हे पहिल्यांदाच कुणीतरी मला समजेल असं सांगत होतं.

हवेचा फिल्टर बाहेर काढलात तेव्हा त्यातला कागद भिजून फुगला होता, भिजलेल्या पापडासारखा लिबलिबीत. फिल्टरच्या डबीच्या तळाशी गढूळ पाणी. मग तुम्ही खांद्यावरचा स्वतःचा पांढरा टॉवेल काढलात आणि ती डबी कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसलीत. पुढच्या पाइपात टॉर्च मारून मला म्हणालात, "हात घालून बघा. मी सांगतो म्हणून मानू नका." मी बोटं फिरवली. कोरडं होतं. प्लगही काढून दाखवलेत, तेही कोरडे. अण्णा, गाडीच्या बाबतीत आजवर मला कुणी हात लावून खात्री करायला सांगितलं नव्हतं. बायकांना काय कळतंय, हेच तोंडावर ऐकत आले.

जुनाच फिल्टर कंप्रेसरने वाळवून चालेल का, हे मीच विचारलं, पैसे वाचावेत म्हणून. तुम्ही नाही म्हणालात. भिजलेला कागद हवेच्या झोताने फाटतो आणि आपल्या सोलापूरची धूळ सरळ इंजिनात जाते. पोराला पाठवून नवा आणवलात, बिल माझ्या हातात दिलंत, मजुरी दोनशे घेतलीत. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली तेव्हा खिडकीतून बाबांनी टाळ्या वाजवल्या.

घरात तेलुगू, बाजारात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी मराठी बोलणारी तुमच्यासारखी माणसं या गावात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या दुकानाला पाटीही नसते, पण अडलेल्याला ती लुबाडत नाहीत. अशांच्या भरवशावरच मी इथे एकटी आई-बाबांना सांभाळते आहे.

तुमचा टॉवेल काळा झाला, तो परत धुऊन निघणार नाही. आईने चाटी गल्लीतून दोन आणलेत, चांगले जाड. रविवारी बाबांना घेऊन येते. त्यांना तुमच्या हाताला हात लावायचा आहे.

तुमची,
होटगी रोडची ताई