जामीन झाला, माणूस आतच: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

विषय: जामीन मंजूर होऊनही कारागृहात राहिलेल्या बंद्यांबाबत.

महोदय,

विषयाखाली 'संदर्भ' लिहायची हाताला सवय आहे, पण या पत्राला जावक क्रमांक नाही. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं ऐपतीचे दाखले, म्हणजे जामीनदाराकडे पुरेशी मालमत्ता आहे असं सांगणारे कागद, माझ्या टेबलावर होते. तुरुंगाशी या माणसाचा काय संबंध, असं आपल्याला वाटेल. नोकरीत असेपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

एक बाई आल्या होत्या, साठीच्या पुढच्या. मुलाला मोबाइल चोरीच्या केसमध्ये जामीन झाला होता: 15,000 रुपयांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. वकिलाने सांगितलं, ऐपतीचा दाखला काढून आणा. बाईंनी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत रेशनकार्ड, लाइट बिल आणि घरपट्टीची पावती घडी घालून आणली होती. घर होतं, पण गायरानात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हटल्यावर ऐपत मोजायची कशाची? मी त्यांना परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्या भावाला घेऊन आल्या. भावाची सव्वा एकर जमीन, खातं सामाईक, चार नावं, त्यातला एक सुरतेला, आणि इतर हक्कात सोसायटीचा बोजा. मी म्हटलं, सगळ्यांची संमती आणा, मग तलाठ्याचा अहवाल लागेल, मूल्यांकन लागेल. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण हेलपाटे तेवढेच. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत.

नियमाने माझं काही चुकलं नव्हतं. मुलाचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही, तेही नियमात बसतं.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात देशभरातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती, जागा होती 4 लाख 36 हजारांची. त्या माणसांतले 4 लाख 34 हजार न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी. ही संख्या एकूण क्षमतेच्या जवळपास बरोबरीची आहे. उद्या शिक्षा झालेले सगळे पक्के कैदी काढून नेले, तरी तुरुंग भरलेलेच राहतील. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची मान्य क्षमता वर्षानुवर्षं 804 होती, आणि 2020च्या मे महिन्यात, करोना आत शिरला तेव्हा, तिथे अडीच हजारांहून जास्त माणसं होती. अंतर राखायचं तर कोणी कुठे सरकायचं? त्याच महिन्यात राज्याने सुमारे 17 हजार बंद्यांना तात्पुरतं सोडायचं ठरवलं. मनात आलं की कागद पळतो, हे तेव्हा दिसलं.

सगळेच आतले बिचारे असतात असं मी म्हणत नाही. ज्यांना न्यायालयाने जामीन नाकारला त्यांच्यासाठी हे पत्र नाही. ज्याला न्यायालयाने 'जा' म्हटलंय आणि तरी ज्याला जाता येत नाही, त्याच्यासाठी आहे. 1978 साली सर्वोच्च न्यायालयात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण आलं होतं. त्याच्याकडे 10,000चा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी तो आदेश मोडीत काढला. तिथून जानेवारी 2023पर्यंत आलो, तरी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावंच लागलं: स्थानिक जामीनदाराची अट घालू नका, जामिनाचा आदेश ई-मेलने तुरुंगात पाठवा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट सैल करायचा विचार करावा, असंही त्यात आहे.

कागदाचं महत्त्व आपल्या मुंबईनेच पाहिलंय. 2021 साली एका सिनेनटाच्या मुलाच्या जामिनाचा आदेश आर्थर रोडच्या जामीनपेटीत, म्हणजे असे आदेश टाकायच्या पेटीत, वेळेत पडला नाही म्हणून त्याला एक रात्र जास्त काढावी लागली, आणि देशभरचे कॅमेरे त्या पेटीसमोर उभे राहिले. माझ्या टेबलासमोर कधी कॅमेरा आला नाही.

न्यायालयाला आपण आदेश देऊ शकत नाही, हे मला कळतं. पण अधीक्षक आपले आहेत, पोलीस आपले आहेत. जामीनदाराच्या पत्त्याची पडताळणी पोलीस ठाण्यातून येईपर्यंत दोन-दोन आठवडे जातात. त्याला मुदत आपण घालू शकता. गार्ड मिळाला नाही म्हणून बंद्याला कोर्टात नेता आलं नाही आणि नुसती पुढची तारीख पडली, हे कोर्टाच्या रोजनाम्यात किती वेळा लिहिलं जातं, तेवढं एकदा मोजून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, आधी शिक्षा न झालेल्या आणि फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाला लिहायचं काम कारागृह अधीक्षकाचं आहे. बंद्याच्या आईचं नाही. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी पैशाची मदत करायची केंद्राची योजना 2023पासून आहे, समितीत जिल्हाधिकारी बसतात, आणि पैसे वापरा म्हणून केंद्राला राज्यांना आठवण करून द्यावी लागते. माझ्या खात्याचे साहेब त्या समितीत आहेत म्हणून सांगतो: बैठक लागत नाही ती कोणी विचारत नाही म्हणून.

सुधारणेच्या गोष्टी आपण करतो त्या पक्क्या कैद्यांच्या. औंध संस्थानाने 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंतींशिवायची वसाहत उभारली, कैद्यांना बायकापोरांसह शेती करू दिली. अभिमान वाटावा असंच ते आहे. पण तिथे जायला आधी शिक्षा व्हावी लागते. कच्च्या कैद्याला फर्लो-पॅरोलची, म्हणजे शिक्षेतली, रजाही नाही. त्याने फक्त बराकीत कुशीवर झोपायचं आणि तारखेची वाट बघायची. बाहेर येईपर्यंत नोकरी गेलेली असते, आणि आत ओळखी मात्र नको त्या झालेल्या असतात. नवी कारागृहं बांधायची घोषणा होते तेव्हा मला बरंही वाटतं, माणसाला पाठ टेकायला जागा हवीच. पण ज्याला न्यायालयाने सोडलंय त्याच्यासाठी सरकारने आणखी एक खोली बांधावी, हा हिशेब कारकुनालासुद्धा जमत नाही.

म्हणून एकच मागणी. प्रत्येक कारागृहाच्या दारावर आणि संकेतस्थळावर दर महिन्याला एक आकडा लावा: जामीन होऊन सात दिवस उलटले तरी आत असलेले बंदी किती. नावं नकोत, नुसता आकडा. शेजारी दुसऱ्या रकान्यात, त्यातल्या किती जणांबद्दल विधी सेवा प्राधिकरणाला कळवलं. मी सरकारी माणूस आहे. रकाना कोरा राहिला की वरून विचारणा होते आणि मग कागद हलतो, एवढं मला पक्कं माहीत आहे.

त्या बाईंच्या अर्जाची नोंद आवक रजिस्टरला आहे. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय: 'कागदपत्रे अपूर्ण. प्रकरण निकाली.'

आपला विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून