मुंबई सहलीसाठी सूचना

सभासद बंधू-भगिनींनो,

रविवारच्या सहलीसाठी सकाळी साडेआठला गेटवेपाशी जमायचे आहे. लाँचला उशीर चालत नाही. घारापुरीची (एलिफंटा बेटावरची) लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून रविवार धरला आहे. लाँचने जायला साधारण तासभर लागतो आणि पुढे लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, सावकाश चढावे, आम्ही थांबू. माकडे पिशव्या ओढतात, तेव्हा खाऊ हातात नको.

लेण्यात गेल्यावर फोटोची घाई करू नका. आधी त्रिमूर्तीसमोर, म्हणजे शिवाच्या तीन तोंडांच्या भव्य शिल्पासमोर, शांत उभे राहा. आपल्या डावीकडचे तोंड उग्र आहे, मिशा आणि नागासकट. उजवीकडचे सौम्य, हातात कमळ. मधल्या चेहऱ्याच्या मिटल्यासारख्या पापण्या बघायला मात्र डोळे अंधाराला सरावावे लागतात. मला दर वेळी तिथून पाय काढवत नाही.

परतल्यावर जेवण आणि मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ही इमारत आणि गेटवे, दोन्ही वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्याच रचना. गेटवे 1924 मध्ये पूर्ण झाला. वेळ उरल्यास शेजारच्या जहांगीर कलादालनात जाऊ, तिथे तिकीट नाही.

पाणी, टोपी आणि रोजची औषधे जवळ ठेवा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावे द्यावीत.

– सहल समिती