गुंगी देणाऱ्या दंतवैद्यांसाठी वेगळा परवाना हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मिरजेत शस्त्रक्रियागृहातील परिचारिका म्हणून मी तीस वर्षे नोकरी केली. भूलतज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून एक गोष्ट अंगवळणी पडली. रुग्ण गुंगीत असेपर्यंत त्याच्या श्वासावर एका माणसाची नजर असते आणि तेवढ्या वेळात त्या माणसाला दुसरे कोणतेही काम सांगायचे नसते. गेल्या मे महिन्यात पाच वर्षांच्या नातवाच्या दुधाच्या दाढा किडल्या म्हणून त्याला सांगलीतील एका दातांच्या दवाखान्यात नेले, तेव्हा हीच नजर मी शोधत होते. मूल हात लावू देईना, म्हणून त्याला मिडाझोलाम हे गुंगी आणणारे पातळ औषध पाजण्यात आले आणि वीस-पंचवीस मिनिटांत त्याची मान आईच्या खांद्यावर कलली. बोटाला रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरचा चिमटा होता, पण त्याचा पडदा डॉक्टरांच्या पाठीमागे होता. मदतनीस एकच मुलगी होती. तीच तोंडातले पाणी ओढत होती, तीच हत्यारे हातात देत होती आणि मधूनच बाहेर जाऊन फोनही घेत होती. "श्वासाकडे कोण बघतंय?" असे मी विचारले, तेव्हा डॉक्टर अगदी आपुलकीने म्हणाले, "मी आहे की, आजी." त्यांचा हात अत्यंत हलका होता, काम चोख झाले आणि मूल दोन तासांत खेळायला लागले. माझी तक्रार त्या डॉक्टरांविषयी नाही. डोळे दाढेत आणि हात ड्रिलवर असणाऱ्या माणसाने श्वासही मोजावा, हे ज्या व्यवस्थेत चालते, तिच्याविषयी आहे.

ही बाब तांत्रिक वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. हिरडीत इंजेक्शन देऊन दाढ बधीर करणे वेगळे आणि रुग्णाला गुंगीत नेणे वेगळे. गुंगीच्याही पायऱ्या आहेत. हलक्या गुंगीत रुग्ण हाकेला लगेच ओ देतो, मध्यम गुंगीत हाकेबरोबर कधी हलकेसे हलवावेही लागते, खोल गुंगीत सहजासहजी जाग येत नाही आणि त्यापुढे पूर्ण भूल. अडचण अशी की मूल ठरवलेल्या पायरीवर थांबेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. एकाच मापाचे औषध एकाला नुसती पेंग आणते, तर दुसऱ्याला खोल झोपवते. म्हणून गुंगी देणाऱ्याला पुढच्या पायरीवर घसरलेल्या रुग्णाला सावरता आले पाहिजे, असा या क्षेत्राचा मान्य दंडक आहे. त्यातच नाकाला ऑक्सिजन लावलेला असला, तर श्वास मंदावल्यानंतरही ऑक्सिमीटरवरचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो. तो खाली येईपर्यंत हातचा मोलाचा वेळ गेलेला असतो.

अमेरिकेत याचा विचार राज्यनिहाय कायद्याने झाला आहे. तेथे दंतवैद्यकीची पदवी आणि नोंदणी असली, तरी मध्यम गुंगी किंवा पूर्ण भूल देण्यासाठी राज्याच्या दंत मंडळाकडून सामान्यतः वेगळा परवाना घ्यावा लागतो. निव्वळ दाढ बधीर करण्यास तो लागत नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये केलेला आणि २०२२ पासून लागू झालेला कायदा मुलांच्या बाबतीत अधिक कडक आहे. तेरा वर्षांखालील मुलाला खोल गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची असेल, तर दंतवैद्याखेरीज आणखी किमान दोन प्रशिक्षित माणसे शेवटपर्यंत हजर असावी लागतात, आणि दंतवैद्य स्वतःच भूल देत असेल तर त्यांपैकी एकाने फक्त मुलावर लक्ष ठेवायचे असते. सात वर्षांखालील मुलांसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते. या नियमांमागे दातांच्या खुर्चीत दगावलेली मुले आहेत, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे दंतवैद्यांची नोंदणी १९४८ च्या कायद्यापासून होत आली आहे, पण गुंगीसाठी असा स्वतंत्र परवाना नाही. गंमत पाहा, त्याच दवाखान्यातील छोट्या एक्स-रे यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते, रक्ताळलेल्या कापसाच्या बोळ्यासाठी २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. पाच वर्षांच्या मुलाला झोपवण्यासाठी मात्र वेगळा कागद कोणी मागत नाही.

परवाना आला तर जत, आटपाडीसारख्या तालुक्यांतील लहान दवाखाने अडचणीत येतील, असे एका परिचित दंतवैद्यांनी मला सांगितले. त्यात तथ्य आहे, पण हलक्या गुंगीसाठी सोपी अट आणि खोल गुंगीसाठी कडक अट, अशी उतरंड लावता येते. शिवाय ठरलेल्या दिवशी भूलतज्ज्ञांना बोलावून घेण्याची पद्धत आपल्या चांगल्या दवाखान्यांत आजही आहे. दंतवैद्यांनी भूल देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेणारा अमेरिकेतील हार्टफर्डचा होरेस वेल्स दंतवैद्यच होता.

राज्य दंत परिषदेने आणि सार्वजनिक आरोग्य विभागाने परवाना व्यक्तीला द्यावाच, पण जागेचीही पाहणी करावी. ऑक्सिजनचे नळकांडे भरलेले आहे का, मुलाच्या मापाचा मास्क आणि हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, म्हणजे अंबू बॅग, आहे का, मिडाझोलामवरचा उतारा असलेले फ्लुमाझेनिल मुदतीतले आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. उपाशीपोटाच्या सूचनाही लेखी मिळाव्यात. आम्हाला फोनवर "सकाळी काही देऊ नका" एवढेच सांगितले होते, आणि सुनेने दूध म्हणजे काही खाणे नव्हे असे समजून निघण्याआधी पेलाभर दूध पाजले होते. गाईम्हशीच्या दुधानंतर सहा तास जाऊ द्यावे लागतात, हे मला माहीत असल्याने त्या दिवशी आम्ही परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी गेलो.

संमतीपत्र मराठीत असावे आणि गुंगी कोण देणार, लक्ष कोण ठेवणार, त्यांचे शिक्षण काय, हे त्यात लिहिलेले असावे. आम्ही सही केली तो कागद इंग्रजीत होता आणि त्यात या तीनपैकी एकाही प्रश्नासाठी ओळ नव्हती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, विश्रामबाग, सांगली