आईचे गुडघे आणि विमानतळावरची चौकट

मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस

सप्रेम नमस्कार.

आपण पुण्याचे, म्हणून नागपुरातून हे पत्र मराठीतच लिहिते आहे.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. आत धातू आहे. त्यामुळे विमानतळावरच्या चौकटीतून ती गेली की चौकट वाजते, मग हातातलं यंत्र वाजतं, मग पडद्याआड. मागच्या खेपेला एका मोठ्या विमानतळावर (नाव मुद्दाम लिहीत नाही) तिला साडी गुडघ्यांवर घेऊन टाक्यांच्या खुणा दाखवाव्या लागल्या. मी बाहेर तिची काठी आणि चपला धरून उभी. डॉक्टरांचं सर्टिफिकेट कुणी पाहिलंही नाही. ते बरोबरच आहे, तसला कागद कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात तयार होईल. तपासणाऱ्या बाईही 'माफ करा आजी' म्हणाल्या. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्याच दिवशी हातातल्या पिशवीतून सावजी मसाल्याचा डबा काढून ठेवला, त्याबद्दलही नाही. तो मसाला ज्याने खाल्लाय, त्याला तिखट विमानात का नेऊ देत नाहीत हे समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न चौकटीचा आहे. तिला फक्त धातू कळतो. सत्तरीच्या बाईचा गुडघा तिला बरोबर सापडतो, आणि प्लास्टिकचं स्फोटक अंगाला बांधून कुणी गेला तर ती गप्प बसते.

हे सरकारला ठाऊक नाही असं कसं म्हणू? नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोनेच एप्रिल २०१९ मध्ये ८४ संवेदनशील आणि अतिसंवेदनशील विमानतळांना सांगितलं होतं की मार्च २०२० पर्यंत बॉडी स्कॅनर बसवा. मिलिमीटर लहरींचा हा स्कॅनर कपड्यांखाली काय लपवलंय ते पाहतो, धातू असो वा नसो. कातडीच्या आत तो जात नाही, त्यामुळे आईचा गुडघा त्याला दिसणारच नाही. पडद्यावर उघडं शरीरही येत नाही. एक बाहुली दिसते, आणि शंका असेल ती जागा तिच्यावर दाखवली जाते. मार्च २०२० करोनात वाहून गेला, हे मान्य. पण करोना सरूनही वर्षं झाली. आज ८४ पैकी किती ठिकाणी स्कॅनर रोज वापरात आहेत, आणि आमच्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा नंबर कधी, एवढं तारखेसकट सांगाल का?

ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकून पंतप्रधानांना विनवलं होतं की दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावू नका. विमानतळावर तपासणी करणाऱ्या सीआयएसएफने माफी मागितली. चांगलं झालं. माझ्या आईला इन्स्टाग्राम चालवता येत नाही.

राज्यपाल, मुख्यमंत्री अशा पदांना या तपासणीतून सूट आहे. आम्हाला सूट नको. तपासा, जरूर तपासा, पण धोका सापडेल अशा यंत्राने तपासा.

आणखी एक. अमेरिकेत २०१५ साली सरकारच्याच माणसांनी विमानतळांच्या तपासणीतून गुपचूप नकली शस्त्रं आणि स्फोटकं नेऊन पाहिली, तेव्हा ७० पैकी ६७ वेळा ती पार झाली. बातमी फुटली आणि तिथल्या विमानतळ-सुरक्षा यंत्रणेच्या हंगामी प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली. आपल्याकडच्या अशा चाचण्यांचा निकाल संसदेपुढे ठेवता येईल. कुठल्या विमानतळावर काय निसटलं ते सांगू नका, देशभराची मिळून टक्केवारी पुरे. पडद्याआड उभं राहणाऱ्याला, आपण कशासाठी उभे आहोत, एवढं तरी कळेल.

पुढच्या महिन्यात बंगळूरला नातवाची मुंज आहे. विमानाचं तिकीट काढू का विचारलं, तर आई म्हणाली, "मी संघमित्रा गाडीनंच येतो वं बाई. तिथं कोणी गुडघे नाई पाहात."

आपली,
एक नागपूरकर प्रवासी