ट्रायलवाल्या मॅडमना, निफाडहून

ताई,

नाव लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं ताई. नाशिकला आबांचे उपचार झाले त्या विभागात सगळे तुम्हाला 'ट्रायलवाल्या मॅडम' म्हणतात. डॉक्टरांचे आभार मानणारे पुष्कळ. तुमच्या वाट्याला बहुतेक सह्या आणि फायलीच येतात.

आबांना तोंडाचा कर्करोग आहे हे त्यांना सांगायचं नाही, असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं होतं. 'गाठ आहे, निघेल' एवढंच. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. नव्या औषधाच्या चाचणीचा, म्हणजे ट्रायलचा, विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, "द्या इकडे, सही मी करतो, सख्खा भाऊ आहे." तुम्ही कागद मागे घेतलात. आजार ज्याचा, सही त्याची, आणि आजार माहीतच नसेल तर ती सही कसली, असं शांतपणे म्हणालात. मग आबांसमोर खुर्ची ओढून विचारलंत, "आबा, किती जाणून घ्यायचंय तुम्हाला?"

"बाहेरची पाटी वाचूनच आत आलोय," आबा म्हणाले. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

संमतीपत्र मराठीत होतं, पण ते मराठी सरकारी. तुम्ही ते आपल्या भाषेत उलगडलंत. मधेच बाहेर पडायचं असेल तर पडता येतं, उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही, हे औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत आहे. कागद घरी न्या, घाई नाही, म्हणालात. आबांच्या नातवाने सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयच्या साइटवर, चाचणीचा नोंदणी क्रमांक शोधला, तेव्हाच आबांनी पेन मागितलं.

नवं औषध कुणाला आणि नेहमीचे उपचार कुणाला, हे कॉम्प्युटर ठरवतो. आबांच्या वाट्याला नेहमीचेच आले. काकू फणकारल्या, "मग हेलपाटे कशाला?" तेव्हा तुम्ही उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या बायकांची गोष्ट सांगितलीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिथे १ लाख ३० हजारांहून जास्त बायका अभ्यासात होत्या. एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे निघाले. २००९ साली ते छापून आलं. तो दुसरा गट नसता तर 'निम्मे' कशाच्या निम्मे, हे सांगता आलं नसतं. खरं सांगू, तपासणी न झालेल्या त्या बायकांचा विचार केला की मला अजूनही बरं वाटत नाही, आणि त्यावर पुढे वादही झाला. तुम्ही तोही लपवला नाहीत. आबांना नेहमीचे का होईना, पूर्ण उपचार मिळताहेत, हा फरक तेव्हा मला नीट कळला.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकून उशीर झाला तरी तुम्ही थांबायचात. आबांनी द्राक्षांची पेटी आणली तेव्हा मात्र घेतली नाहीत. त्याचा राग अजून आहे त्यांना.

आता एक मागणी. चाचणीचा निकाल लागायला वर्षं जातील, हे ठाऊक आहे. लागला की आबांना दोन ओळी कळवा, मराठीत. नवं औषध चालो की न चालो. त्यांनी तसं मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आपली,
आबांची धाकटी सून